पंधरा टक्क्यांचा अर्थ

गेल्या डिसेंबरातील आपल्या मासिक सभेत एका ज्येष्ठ वक्त्यांनी पोलीस आणि लोकशाही या विषयावर दीड तास विवेचन केले. वक्ते वयाने आणि अनुभवाने माझ्याहून मोठे, शासकीय सेवेतून माझ्याहून वरच्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि समारोपात त्यांनी इंग्लंडचा जो दाखला दिला आणि त्यावरून जो निष्कर्ष काढला, त्याला सभागृहात मनापासून टाळ्या पडल्या. हा लेख त्या टाळ्यांमुळे लिहावा लागत आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशात पोलिसांवर देखरेख ठेवणारा अधिकारी लोकांनी निवडून द्यावा अशी योजना झाली. शंभरांतले पंधरा जण मतदानाला आले. आणि तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ते पदच मोडीत काढण्याची घोषणा तेथील सरकारला करावी लागली. सबब, लोकांना या कामात रस नाही आणि गतीही नाही. पोलिसांचे काम पोलिसांवर आणि त्यांच्या वरिष्ठांवर सोपवून नागरिकांनी स्वस्थ बसावे.

यातील आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे.

प्रथम हे पद काय होते ते पाहू, कारण नावामुळे आपल्याकडे घोटाळा होतो. इंदूर आणि भोपाळ येथे डिसेंबर २०२१ पासून जे पोलीस आयुक्त आहेत, ते भारतीय पोलीस सेवेतील गणवेशधारी अधिकारी. इंग्लंड आणि वेल्समधील 'पोलीस व गुन्हेविषयक आयुक्त' हा पोलीस नव्हे. २०११ च्या कायद्याने निर्माण झालेला तो निर्वाचित लोकप्रतिनिधी. आपल्या क्षेत्रातील पोलीस दलाचा अर्थसंकल्प ठरवणे, पोलिसांसाठी घरपट्टीबरोबर वसूल होणारा कर किती असावा ते सांगणे, कामाचा प्राधान्यक्रम आखणे आणि दलाच्या प्रमुखाची, म्हणजे चीफ कॉन्स्टेबलची, नेमणूक व प्रसंगी गच्छंती करणे, एवढे त्याचे अधिकार. कोणाला पकडावे, कोणावर खटला भरावा यात त्याला हात घालता येत नाही. त्यापूर्वी हे काम साधारणतः सतरा जणांचे एक पोलीस प्राधिकरण करीत असे. त्यात स्थानिक नगरसेवक आणि काही स्वतंत्र सदस्य असत. ते प्राधिकरण कोणाच्या खिजगणतीतही नव्हते, हा सरकारचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. सतरा अनोळखी चेहऱ्यांच्या जागी एक ओळखीचा चेहरा द्यावा, म्हणजे लोकांना जाब कोणाला विचारायचा ते कळेल, असा त्यामागचा युक्तिवाद.

पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ रोजी, गुरुवारी, झाली. माझी पुतणी त्याच्या आदल्या वर्षीच नोकरीनिमित्त रेडिंगला गेली होती. राष्ट्रकुलातील देशाची नागरिक म्हणून तेथे वास्तव्य असणाऱ्या भारतीयालाही अशा निवडणुकीत मत देता येते, ही गोष्ट मला तिच्याकडूनच प्रथम कळली. आपल्या अनेक घरांतील मुले-सुना तिकडे आहेत. त्यांनाही हा हक्क आहे. दूरध्वनीवर ती म्हणाली, "काका, मतदानाचे कार्ड आले आहे, पण उमेदवार कोण आहेत आणि ते निवडून येऊन करणार काय, हे सांगणारा कागद कुठूनच आला नाही." तिचे म्हणणे अतिशयोक्त नव्हते. उमेदवारांची पत्रके टपालाने घरोघर पाठवण्याचा खर्च करायला सरकारने नकार दिला होता. माहिती संकेतस्थळावर पाहावी, नाहीतर दूरध्वनी करून छापील प्रत मागवावी, अशी व्यवस्था होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करावे याचे उत्तर कोणापाशी नव्हते. त्यात महिना नोव्हेंबर. चार-सव्वाचारला तेथे काळोख पडतो. लंडनच्या पोलीस दलाचे माजी प्रमुख लॉर्ड इयान ब्लेअर यांनी तर लोकांनी मतदानच करू नये असे उघड सांगितले होते.

मतदान सुमारे १५ टक्के झाले. देशव्यापी निवडणुकीत, युद्धकाळ वगळता, इतके कमी मतदान तेथे कधी झाले नव्हते. स्टॅफर्डशायरमध्ये ते १२ टक्क्यांच्याही आत राहिले. वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. मी सेवेत असताना निवडणुकीची कामे पुष्कळ केली आहेत. मतदारांनी बहिष्कार घातलेली केंद्रे पाहिली आहेत, पण तेथे बहिष्कार हे एक घोषित पाऊल असते, त्यामागे गावाची बैठक असते. न्यूपोर्टला कोणी बैठक घेतली नव्हती. लोक नुसते आले नाहीत.

याला वक्ते आळस म्हणतात. हे आळशी लोक कोण होते? संसदेच्या निवडणुकीला यांच्यातलेच बहुसंख्य लोक रांगेत उभे राहतात. पुढे २०१६ साली हीच निवडणूक नगरपालिकांच्या निवडणुकांना जोडून घेतली तेव्हा आकडा २७ टक्क्यांच्या आसपास गेला, २०२१ मध्ये सुमारे एक तृतीयांशापर्यंत पोहोचला आणि २०२४ मध्ये पुन्हा एक चतुर्थांशाखाली आला. म्हणजे दुसऱ्या कामासाठी केंद्रावर आलेल्याने हातासरशी हीही मतपत्रिका पेटीत टाकली, इतकेच. नाव सांगा म्हटले तर पाचांतील एकालाही आपल्या आयुक्ताचे नाव सांगता येत नाही, असे २०२५ मध्ये सरकारनेच कबूल केले. ज्या एका ओळखीच्या चेहऱ्यासाठी हा खटाटोप केला, तो चेहरा तेरा वर्षांत कोणाच्या ओळखीचा झालाच नाही.

आणि तो व्हावा तरी कसा? माझ्या पुतणीचे रेडिंग ज्या थेम्स व्हॅली पोलीस क्षेत्रात येते, त्यात बर्कशायर, बकिंगहॅमशायर आणि ऑक्सफर्डशायर असे तीन परगणे आहेत. लोकसंख्या वीस लाखांहून बरीच अधिक. एवढ्या मुलखाच्या एका प्रतिनिधीला 'स्थानिक' म्हणणे म्हणजे इंदूरच्या आमदाराने उज्जैन, देवास आणि धारसकट सर्वांचे गाऱ्हाणे ऐकावे असे म्हणण्यासारखे आहे. उमेदवारी अर्जासोबतची अनामत पाच हजार पौंड. पक्षाचे पाठबळ नसलेल्या माणसाने तीन परगण्यांत प्रचार करायचा तो कशाच्या जोरावर? तरीही पहिल्या खेपेस लोकांनी ४१ पैकी १२ जागी अपक्षांना निवडून दिले. पोलिसांवर देखरेख ठेवणारा माणूस पक्षाचा नसावा, हे मतदानाला आलेल्या थोड्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले होते. २०१६ मध्ये अपक्ष तीन उरले. २०२१ मध्ये एकही नाही. लोकांना शंका होती की हे पद पक्षांच्या घशात जाईल. नऊ वर्षांत ते गेले. शंका घेणाऱ्यांना अडाणी म्हणण्यापूर्वी हा हिशेब पाहायला हवा.

बरे, ही शंका त्यांना हवेतून सुचली नव्हती. इंग्लंडने निर्वाचित मंडळींच्या हाती पोलीस देण्याचा प्रयोग पूर्वीच करून पाहिला होता. १८३५ च्या कायद्याने शहरांत नगरसेवकांच्या 'वॉच कमिट्या' नेमल्या गेल्या आणि शहर पोलीस त्यांच्या ताब्यात आले. १९५९ साली नॉटिंगहॅमचे चीफ कॉन्स्टेबल कॅप्टन पॉपकेस यांनी काही नगरसेवकांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी चालवली. समितीने त्यांच्याकडे चौकशीचा अहवाल मागितला. गुन्ह्याचा तपास हा समितीच्या कक्षेतील विषय नाही, म्हणून त्यांनी तो देण्याचे नाकारले, तेव्हा समितीने त्यांनाच निलंबित केले. ज्यांच्या सहकाऱ्यांची चौकशी चालू होती, त्यांनीच चौकशी करणाऱ्याला घरी बसवले! गृहमंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर ते पुन्हा कामावर आले. या आणि अशा इतर प्रकरणांतून १९६० चा राजकीय आयोग नेमला गेला, त्यातून १९६४ चा पोलीस कायदा झाला, आणि नगरसेवकांच्या जोडीला दंडाधिकारी बसवून नवी प्राधिकरणे निर्माण झाली.

वक्ते म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो: निवडून आलेल्यांना पोलिसांपासून दूर ठेवा. क्षणभर मान्य करू. आता त्याच इंग्लंडातील साउथ यॉर्कशायरमध्ये काय घडले ते पाहू.

या परगण्यातील शेफील्ड येथे, हिल्सबरो मैदानावर, एप्रिल १९८९ मध्ये फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. मृतांची संख्या आज ९७ धरली जाते. पोलिसांनी दोष मद्यपी प्रेक्षकांवर ढकलला. मृतांच्या आई-बापांनी तेवीस वर्षे पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये लिव्हरपूलच्या बिशपांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने कागदपत्रे तपासून दाखवून दिले की पोलिसांच्या १६४ जबान्या बदलण्यात आल्या होत्या आणि त्यांतील ११६ मधून पोलिसांना अडचणीची वाक्ये काढून टाकली होती. तेवीस वर्षे या दलाचे काम त्याच्या वरिष्ठांवरच सोपवलेले होते. वक्त्यांच्या मताप्रमाणे हीच आदर्श व्यवस्था. तिने काय केले ते या आकड्यांत आहे.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी तेथे पहिला निर्वाचित आयुक्त आला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रॉदरहॅम या एका गावात १९९७ ते २०१३ या काळात किमान १४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि नगरपालिका व पोलीस या दोघांनीही त्याकडे डोळेझाक केली, असे त्यात होते. निर्वाचित आयुक्त शॉन राइट हे २००५ ते २०१० या काळात त्याच नगरपालिकेत बालकल्याण विभागाची जबाबदारी सांभाळत होते. पंतप्रधानांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितले, गृहमंत्र्यांनी सांगितले, त्यांच्या स्वतःच्या मजूर पक्षाने सांगितले. त्यांनी पक्ष सोडला; खुर्ची सोडली नाही. कायद्याप्रमाणे त्यांना काढण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. देखरेखीसाठी नगरसेवकांचे एक मंडळ होते खरे, पण दोन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तरच ते आयुक्ताला निलंबित करू शके. लोकांनी निवडून दिलेला माणूस लोकांनी पुढच्या निवडणुकीत पाडावा, हेच उत्तर. म्हणजे २०१६ पर्यंत थांबा. तीन आठवडे हा तमाशा चालला. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी आपणहून राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत पुन्हा पंधरा टक्क्यांच्याच आसपास मतदान झाले. वेस्ट मिडलंड्समध्ये त्याच वर्षी आयुक्ताच्या निधनामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत तर दहा टक्केच.

एकाच परगण्यातील या दोन प्रकरणांतून माझ्या मते एकच गोष्ट निघते. पोलिसांना वरिष्ठांवर सोडले, तेव्हा दोष झाकला गेला. निवडून आलेल्या एकट्यावर सोडले, तेव्हाही दाद लागली नाही. दोन्ही वेळा उजेड पडला तो न निवडलेल्या, पण पोलिसांपासून स्वतंत्र असलेल्या आणि कागद मागण्याचा अधिकार असलेल्या माणसांमुळे. १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या तपासातील लंडन पोलिसांचा वर्णभेद १९९९ मध्ये चव्हाट्यावर आणणारे मॅकफर्सन हेही निवृत्त न्यायाधीशच होते.

आता ज्यासाठी हे सारे लिहितो आहे त्या मुद्द्याकडे येतो. पोलिसांवर देखरेख कोणासाठी हवी असते? माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकासाठी क्वचित. मला हवालदार 'साहेब' म्हणतो. ती हवी असते ज्याला रस्त्यात थांबवून झडती घेतात त्याच्यासाठी. इंग्लंडात असे थांबवले जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय तरुणांत गोऱ्यांच्या कित्येक पट आहे. ही मुले संख्येने थोडी, मतदानात आणखी थोडी. ज्या आयुक्ताला निवडून यायचे आहे तो त्यांचा विचार करील की घरफोडीला घाबरलेल्या, नियमाने मतदान करणाऱ्या घरमालकांचा? यात आयुक्ताचा दुष्टपणा नाही. मतांचे गणितच तसे आहे. ज्याला पोलिसांपासून संरक्षण हवे तो बहुधा कोठेच बहुमतात नसतो, आणि निवडणूक ही तर बहुमताची रीत.

हा मुद्दा आपल्या वाचकांना लवकर कळावा, कारण आपण सारेच कोठे ना कोठे अल्पसंख्य म्हणून राहिलो आहोत. उद्या प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा निर्वाचित पर्यवेक्षक आला, तर बेळगावच्या मराठी माणसाच्या वाट्याला काय येईल, हे तेथील वाचकांना मी सांगायला नको. हैदराबादेत आणि वडोदऱ्यात आपली संख्या कोणाच्या निकालात भर घालण्याइतकीही नाही. इंदूर-ग्वाल्हेरला एके काळी सत्ता आपल्या माणसांची होती, त्यामुळे आपल्याला अजूनही आपण सरकारच्या बाजूचे आहोत असे वाटते. सभागृहातील टाळ्यांचे एक कारण मला हेच दिसते.

नव्वदच्या दशकात मी माळव्यातील एका तालुक्याच्या गावी उपविभागीय अधिकारी होतो. सणांपूर्वी शांतता समितीची बैठक घेणे हे माझे काम. समितीत व्यापारी, दोन्ही समाजांचे पुढारी, पक्षांचे तालुकाध्यक्ष, झाडून सारे लोकांना ठाऊक असलेले आणि बहुतेक कधी ना कधी निवडून आलेले. चहा, भजी, 'आमच्या गावात सलोखा आहे' अशी भाषणे, आणि पोलिसांचे आभार. एका बैठकीत कन्याशाळेतील एक शिक्षिका उठल्या. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. महिला सदस्य हवी म्हणून आमच्याच कार्यालयाने त्यांचे नाव घातले होते. त्यांनी विचारले, बसस्थानकाबाहेर केळी विकणाऱ्या ठेलेवाल्याला परवा ठाण्यात नेऊन मारले, त्याचा हात मोडला आहे, त्याच्यावर गुन्हा काय होता? ठाणेदार माझ्याकडे पाहू लागले. पुढारी छताकडे. मी 'माहिती घेतो' म्हणालो आणि इतिवृत्तात 'नोंद घेण्यात आली' असे लिहिले. माहिती मी घेतली नाही. पुढच्या वर्षी समितीची पुनर्रचना झाली तेव्हा त्या बाईंचे नाव यादीत नव्हते. ती यादीही माझ्याच सहीने निघाली होती.

म्हणून वक्ते जेव्हा वरिष्ठांवर सोडा म्हणतात, तेव्हा ते वरिष्ठ कसे असतात हे मला आतून ठाऊक आहे. तो वरिष्ठ मी होतो. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने जिल्हादंडाधिकाऱ्याला पोलिसांवर सर्वसाधारण नियंत्रण दिले होते. तो कायदा माझ्या टेबलावर असे. इंग्रजांनी स्वतःच्या शहरांना वॉच कमिट्या दिल्या आणि आपल्याला दिली ती आयर्लंडच्या धर्तीवर नेपिअरने १८४३ मध्ये सिंधमध्ये उभारलेली व्यवस्था, जिचे तोंड सरकारकडे आणि पाठ लोकांकडे. त्यांच्याकडे निदान वाद तरी पावणेदोनशे वर्षे चालला आहे की पोलिसांनी जाब कोणाला द्यावा. आपल्याकडे तो जेमतेम सुरू झाला. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले, ते कपाटात गेले. प्रकाश सिंह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात आदेश दिले. त्यांत प्रत्येक राज्यात सुरक्षा आयोग नेमावा, त्यात सरकारबरोबर विरोधी पक्षनेता आणि स्वतंत्र सदस्य असावेत, तसेच पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांची प्राधिकरणे असावीत, असे होते. अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस यांच्या समितीने २०१० मध्ये राज्यांच्या अनास्थेविषयी उघड खेद नोंदवला. या आदेशाचा उल्लेख दीड तासाच्या व्याख्यानात एकदाही आला नाही.

इंग्लंडातील मतदाराने २०१२ साली घरी बसून जे सांगितले ते मला असे ऐकू येते: हा माणूस आम्ही मागितला नव्हता, त्याला आम्ही ओळखत नाही, आणि आम्ही निवडल्याने तो आमच्यासाठी जाब विचारील असे आम्हाला वाटत नाही. यात पोलिसांना जाब विचारूच नये असे कोठे आहे? निर्वाचित आयुक्तांनी काही चांगली कामे केली, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी मदतकेंद्रे चालवली, हेही नमूद करायला हवे. पण लोकांची शंका त्याने फिटली नाही.

मे २०२८ मध्ये सध्याच्या आयुक्तांची मुदत संपेल तेव्हा हे पद राहणार नाही, त्यातून या संसदेच्या कालावधीत दहा कोटी पौंड वाचतील, असे तेथील सरकारने जाहीर केले आहे. जेथे प्रादेशिक महापौर आहेत तेथे अधिकार महापौरांकडे, इतरत्र स्थानिक लोकप्रतिनिधींच्या मंडळांकडे जाणार आहेत. लंडनमध्ये महापौरांकडे हे काम २०१२ पासून, ग्रेटर मँचेस्टरमध्ये २०१७ पासून आहेच. साउथ यॉर्कशायरमध्येही मे २०२४ पासून ते महापौरांकडे गेले. एकट्याच्या हातून काढून दुसऱ्या एकट्याच्या हाती देण्यात काय साधले, हे मला समजलेले नाही. मंडळे नेमली जातील तेथे त्यांत त्या शिक्षिकेसारख्या बाईला जागा असेल का, आणि प्रश्न विचारल्यावर पुढच्या वर्षीही ती जागा राहील का, हे पाहायला हवे.

पुतणी अजून रेडिंगलाच आहे. बातमी आली त्या रविवारी तिने फोन केला आणि २०१२ साली विचारला होता तोच प्रश्न पुन्हा विचारला: आता जायचे कोणाकडे? नवे मंडळ होईल तेव्हा त्याच्या बैठका उघड होतात का आणि इतिवृत्त मिळते का ते बघ, असे मी तिला सांगितले. इतिवृत्तात 'नोंद घेण्यात आली' असे किती ठिकाणी आहे तेही मोज, म्हणालो. ती हसली, तिला तालुक्याच्या गावची ती गोष्ट मी कधी सांगितलेली नाही.